मुंडीचा मान

मेंढा जर्दाळूच्या झाडाला टांगलेला होता आणि माझ्या हातात सत्तूर होता. एवढं जमून आलं की माझं डोकं थांबतं आणि हात चालायला लागतो. त्या दिवशीही तेच झालं. उन्हं डोक्यावर यायच्या आत मी मांड्या, फरे, बरगड्या, मान, सगळं ठोकळ्यावर घेऊन बोटी-बोटी करून टाकलं. मुंडी तेवढी राहिली. ती जाळावर धरून केस जाळले, खरवडली, धुतली आणि दोन घावांत फोडली. भेजा वाटीत काढला. जीभ, गाल, जबडा, कान, सगळ्याचे बारीक तुकडे केले. जेवायला चाळीसेक माणसं यायची होती आणि मुंडी एकच होती. प्रत्येकाच्या वाट्याला मुंडीचा कण तरी यायला हवा, असा माझा हिशेब.

आमच्या माणदेशात मी, बीरा, वाटे घालण्यात नावाजलेला माणूस. जत्रेला बकरी पडली की लोक मला शोधत यायचे. पळसाच्या पानांवर मी मटणाचे ढीग लावले की प्रत्येक ढिगात काळजाचा एक तुकडा, चरबीचा एक, नळीचा एक. भावकीत कोर्टकज्जे चालू असलेली माणसंसुद्धा डोळे मिटून माझ्या हातचा वाटा उचलायची. दुसरं कुठलंही कर्तृत्व माझ्या नावावर नसल्यानं मी हे एकच जिथं तिथं सांगत असे. किर्गिझस्तानातही सांगून झालं होतं.

त्या देशात मी पोचलो तो स्वयंपाकी म्हणून. पुण्यात एका खानावळीत भाकऱ्या थापत होतो. मालक म्हणाला, आपली पोरं डॉक्टरकी शिकायला तिकडं जातात, त्यांना आमटी-भात घालायला माणूस हवा आहे. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळं देशाचं नाव वाचून घाबरायची सोय नव्हती. गेलो. दोन वर्षं शहरात पोरांना जेवू घातलं. मग एका उन्हाळ्यात पोरं सुट्टीला घरी गेली, खानावळीला कुलूप लागलं, आणि मालकानं माझ्या परतीचं तिकीट काढायचं ‘पुढच्या आठवड्यात’ ठरवलं. ते आठवडे काढायला मी शहराबाहेरच्या कारा-बुलुन नावाच्या गावात बुरुल एजेंच्या घरी खोली घेतली. एजे म्हणजे थोरली बहीण, आपली आक्का. भाडं नको म्हणाल्या, लाकडं फोड आणि स्वयंपाकाला हात लाव.

एजे विधवा होत्या. उभा जन्म त्यांनी गावातल्या बालवाडीत काढला होता. मोठ्या माणसाशी बोलतानाही त्या वाकून, सावकाश बोलायच्या, जणू समोरच्याच्या नाकाला शेंबूड आहे. आता त्या बालवाडीला टाळं होतं. गावचा प्रमुख मिर्लान याचा बांधकामाचा धंदा होता आणि बालवाडीच्या खोल्यांत त्यानं सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. गावातली बारकी पोरं दिवसभर रस्त्यावर, पाटाच्या कडेला. त्या वसंतात एक पोर पाटात पडलं. वाचलं, पण त्या दिवसापासून एजेंनी ठरवलं की यंदा मिर्लानच्या विरोधात प्रमुखपदाला उभं राहायचं.

तिथं तेव्हा गावचा प्रमुख लोक थेट निवडत नसत. लोक सदस्य निवडायचे आणि सदस्य चिठ्ठ्या टाकून प्रमुख निवडायचे, आपल्याकडं पूर्वी सरपंच निवडायचे तसंच. वर तालुक्याचा अधिकारी, त्याच्यावर जिल्हा, त्याच्यावर राजधानीतली संसद आणि राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षाचं त्या लोकांना फार कौतुक नव्हतं. पाच वर्षांत त्यांनी दोन पळवून लावले होते. पण गावात खरा शब्द चालायचा तो अक्साकाल लोकांचा. अक्साकाल म्हणजे पांढरी दाढी. बारीकसारीक भांडणांचा निवाडासुद्धा त्यांच्याच पंचांपुढं व्हायचा, आणि त्याला सरकारी मान्यता होती.

कारा-बुलुनमध्ये अशा दाढ्या दोन. वरच्या आळीचे तोकतोसुन आबा आणि खालच्या आळीचे ओसमोन आबा. तिथंही थोरल्या माणसाला आबाच म्हणतात, त्यामुळं माझी निम्मी भाषा मी घरूनच नेली होती. दोघांचा जन्म एकाच सालातला. आधी कोण जन्मला यावरून वाद, आणि त्या वादापायी दोघांचं बोलणं बंद. निम्मे सदस्य तोकतोसुन आबांच्या दाढीकडं बघून मत द्यायचे, निम्मे ओसमोन आबांच्या. एकाच्या जिवावर कुणी प्रमुख होऊ शकत नव्हतं. मिर्लाननं आधीच जेवण दिलं होतं, पण त्या जेवणातून तोकतोसुन आबा मधेच उठून गेले. का गेले ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, मीठ जास्त झालं असेल.

आता एजेंनी जेवण घालायची पाळी होती. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी गावी दोनदा ग्रामपंचायतीला उभा राहून दोनदा पडलो होतो, आणि पडलेल्या माणसाइतकं राजकारण कुणाला कळत नाही असं माझं ठाम मत होतं. एजे कणीक मळत बसल्या की मी त्यांना शिकवायचो. घरोघर हात जोडत फिरा. बायाबापड्यांना धरा. मिर्लानचा माणूस फोडा. एजे ‘असं का’, ‘बरं का’ म्हणत मळत राहायच्या. एकदा म्हणाल्या, “आणि जेवण, बीरा? तुमच्याकडं जेवणात काय करतात?”

मग काय, मी त्यांना वाट्यांची सगळी कथा ऐकवली. ढीग कसे लावायचे, काळीज कसं वाटायचं, मुंडीचं काय करायचं. एजेंनी मळणं थांबवून ऐकलं. मला वाटलं, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कलेची कदर केली.

जेवणाच्या दिवशी सकाळीच एजेंना तालुक्याला बोलावणं आलं. शेजाऱ्यानं मेंढा कापून, सोलून झाडाला टांगला होता. अशा जेवणांचं सगळं बघणारी त्यांची नणंदही सोबत निघाली. जाताना एजे मला म्हणाल्या, “तुझ्या हाताची चव मला माहीत आहे. तुझं तू कर.”

आता सत्तूर हातात असलेल्या माणसाला एवढं म्हटल्यावर तो काय करणार?

दुपार कलली तशी माणसं जमली. झाडाखाली लोकरीचे जाड नमदे अंथरले होते. वरच्या बाजूला, मानाच्या जागी, दोन्ही आबा, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून, एकमेकांकडं न बघता. एजे परत आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं आणि मला खूण केली. मी मोठ्या कढईवरचं झाकण उचललं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, गावाकडून आणलेला शेवटचा काळा मसाला, वर लाल कट. माझ्या आयुष्यात मी इतका देखणा रस्सा केला नव्हता. वाट्या भरल्या, प्रत्येकीत मोजून सारख्या बोटी, आणि ओळीनं वाढत गेलो.

मी शेवटची वाटी ठेवून सरळ झालो तेव्हा कुणीच खात नव्हतं.

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. ओसमोन आबांनी बोटानं रस्सा ढवळला, एक तुकडा वर काढला, उन्हात धरला. तो मेंढ्याचा दात होता, जबड्याच्या तुकड्यासकट. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “डोकं कुठं आहे?”

“सगळ्यांत आहे, आबा,” मी अभिमानानं म्हणालो. “प्रत्येकाच्या वाटीत थोडं थोडं.”

माझ्या शेजारी बसलेला एक सदस्य डोळे झाकून काहीतरी पुटपुटला. मग त्यानंच मला हळू आवाजात समजावलं. त्या लोकांत मेंढा कधी तोडत नाहीत. सांध्यांतून सुऱ्यानं सोडवतात, हाड अखंड ठेवतात. कमरेचं हाड कुणाचं, मांडीचं कुणाचं, फऱ्याचं कुणाचं, लेकीचं कुठलं, जावयाचं कुठलं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आणि मुंडी अख्खी, ताटात, सगळ्यांत मोठ्या माणसापुढं जाते. ज्याच्यापुढं ती गेली तो गावात पहिला. मिर्लानच्या जेवणात ती ओसमोन आबांपुढं गेली होती, म्हणून तोकतोसुन आबा उठले होते. आज एजे ती कुणापुढं ठेवतात हे बघायला गाव जमलं होतं. आणि मी ती चाळीस जणांना वाटून टाकली होती.

एजेंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. सगळ्यांदेखत त्या मला बोलल्या, माझी आईही मला कधी इतकं बोलली नव्हती. परक्या मुलखातला अडाणी माणूस, मीच चुकले, याच्या भरवशावर घर टाकून गेले, आता मी या थोरांना तोंड कसं दाखवू. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सत्तूर पाठीमागं लपवून उभा होतो. माझ्यामुळं या बाईचं पद गेलं आणि बालवाडीतल्या गोण्या आता तिथंच राहणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तोकतोसुन आबा उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, निघाले. पण ते उभेच राहिले. रागावून निघायचं तर कुणावर तरी रागवायला हवं, आणि शेजारच्यालाही मुंडी मिळालेली नव्हती. त्यांनी ओसमोन आबांच्या वाटीत बघितलं. मग आपल्या वाटीत बघितलं.

ओसमोन आबा समोर बघतच म्हणाले, “याला हे कुणी शिकवलं?”

तोकतोसुन आबा म्हणाले, “शिकवलं असतं तर असं केलं असतं?”

दोघांमधलं पुष्कळ वर्षांतलं ते पहिलं बोलणं होतं. तोकतोसुन आबा खाली बसले. मग सगळेच जेवले. काळ्या मसाल्यानं दोन्ही आबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे घटाघट रिकामे झाले, आणि कुणी काहीही न ठरवता माणसं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मला अक्साकाल पंचांपुढं उभं केलं. जागा बंद बालवाडीच्या ओट्यावरची. मुख्य पंच हेच दोघे. आरोप असा की मी गावातल्या सगळ्या थोरांचा एका दमात अपमान केला. मला बचावात बोलायला सांगितलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, “आबा, आमच्याकडं वाटा सारखा नसेल तर भांडणं होतात.”

“आमच्याकडं सारखा असेल तर होतात,” ओसमोन आबा म्हणाले.

मी म्हणालो, तुम्ही लोकांनी दोन राष्ट्राध्यक्ष पळवले, मग एका मेंढ्याच्या हाडाचं एवढं काय? बोलून गेलो आणि जीभ चावली. पण तोकतोसुन आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “राष्ट्राध्यक्ष वाईट निघाला तर दुसरा आणता येतो, बीरा. माणसाची जागा एकदा चुकली की ती कुठून आणायची?”

हे ऐकून ओसमोन आबांनी मान डोलावली. तोकतोसुन आबांनी ती मान डोलावलेली बघितली, आणि मला वाटतं दोघांनाही जरा कसंतरी झालं.

निवाडा झाला. मी सात दिवस दोन्ही आळ्यांच्या मधला पाट साफ करायचा, गाळ काढायचा. देखरेख पंच स्वतः करणार. मग मी कमरेएवढ्या थंड पाण्यात फावडं घेऊन उभा, आणि काठावर एकाच घोंगडीवर दोघे म्हातारे बसलेले. पहिल्या दिवशी ते फक्त माझ्या चुका काढत होते. पुढं माझ्या चुकांवर त्यांचं एकमत व्हायला लागलं. मग ते आपले आजे-पणजे काढून बसले, कुणाच्या लग्नात कुणाला कुठलं हाड गेलं होतं ते आठवू लागले, आणि हसू लागले. मी गाळ उपसत होतो. एकदा एक पोर पाटाकडं धावत आलं, तेव्हा दोघांनी एकदमच त्याला हाताला धरून मागं ओढलं. नंतर दोघेही बालवाडीच्या टाळ्याकडं बघत बसले.

मिर्लान एकदा तिथं आला होता. वाकून, गोड बोलून त्यानं सांगायला सुरुवात केली की बुरुलनं तुमचा कसा अपमान केला. ओसमोन आबांनी त्याला मधेच तोडलं. म्हणाले, अपमान तिनं नाही केला, ह्यानं केला. आणि माझ्याकडं बोट दाखवलं. “ती तर रडली. तू तुझ्या जेवणात रडला नव्हतास.”

मिर्लान माझ्याकडं बघून गेला. त्या नजरेपेक्षा पाटाचं पाणी कमी थंड होतं.

मतदानाच्या दिवशी तालुक्याचा अधिकारी पेटी घेऊन आला. सदस्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. बुरुल एजे निवडून आल्या, आणि दोन्ही आळ्यांतून आल्या.

आता माझं काय झालं ते सांगतो. तोवर मी गाव सोडून पळून जाण्याच्या बेतात होतो. निकाल लागला आणि माझी छाती फुगली. मी विचार केला, हे झालं कशामुळं? दोन म्हातारे बोलायला लागले म्हणून. ते बोलायला लागले कशामुळं? माझ्या सत्तुरामुळं. म्हणजे या गावचं सरकार मी बनवलं. चुकून बनवलं असेल, पण बनवलं मीच. मी गावी फोन लावून बायकोला हे सांगितलं. हौसा म्हणाली, “तिकडं तरी तुमच्यामुळं कोणतरी निवडून आलं म्हणायचं.” मला ते कौतुकच वाटलं. पुढचे काही दिवस मी गावातून हात पाठीमागं बांधून चालत होतो.

गोण्या बाहेर निघाल्या. बायकांनी बालवाडी धुऊन काढली, आणि तिच्या अंगणात एजेंनी विजयाचं जेवण घातलं. मी सत्तूर घेऊन गेलो. एजेंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला. मग स्वतः लहानसा सुरा घेऊन बसल्या. तसं काम मी जन्मात बघितलं नव्हतं. हाडाला सुरा न लागता त्यांनी सगळा मेंढा सांध्यांतून सोडवला, हात थांबला नाही, नजर हलली नाही. शिजल्यावर चाळीस ताटांत चाळीस माणसांची ठरलेली हाडं, कुणाचं कुणाला गेलं नाही.

मुंडी अख्खी निघाली. एजेंनी ती दोन्ही आबांच्या बरोबर मधे ठेवली आणि मागं सरकल्या. ओसमोन आबांनी ताट तोकतोसुन आबांकडं सरकवलं. त्यांनी परत इकडं सरकवलं. दोघेही ‘तुम्हीच थोरले’ म्हणत राहिले. लोक हसत होते.

मी कढईपाशी एजेंच्या शेजारी जाऊन बसलो. मोठ्या मनानं म्हणालो, एजे, त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, पण बघा, त्यातून शेवटी चांगलंच झालं. देवच कुणाच्या तरी हातानं करून घेतो.

एजे रस्सा ढवळत होत्या. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, “मी त्या दिवशी तालुक्याला गेलेच नव्हते. नणंदेला घेऊन बहिणीकडं बसले होते. चहा पीत.”

मला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. मला कणकेची परात आठवली, मळणं थांबवून माझी वाट्यांची कथा ऐकणारे त्यांचे डोळे आठवले. मी म्हणालो, “तुम्हाला ठाऊक होतं मी मुंडी फोडणार.”

त्या माझ्याकडं वाकल्या आणि सावकाश, शेंबड्या पोराशी बोलतात तशा बोलल्या. “बीरा, मी एवढी वर्षं बालवाडीत काढली. खेळणं एक असतं आणि पोरं दोन. याला दिलं तर तो रडतो, त्याला दिलं तर हा. अशा वेळी बाईनं काय करायचं? वर्गात एक तरी पोर असं असतं, जे हातात घेईल ते मोडतं. ते खेळणं त्याच्या हातात द्यायचं आणि आपण जरा बाहेर जायचं.”

“आणि रडलात ते?”

“कांदा तूच चिरला होतास की,” त्या म्हणाल्या.

मी काही बोलणार, तेवढ्यात मानाच्या जागेवरून हाक आली. दोन्ही आबांच्या वादाचा एकदाचा निकाल लागला होता. मुंडी दोघांनी मिळून कापायला घेतली होती, आणि पहिला तुकडा त्यांनी मला बोलावून, सगळ्यांसमोर, माझ्या तळहातावर ठेवला. माझा ऊर भरून आला. म्हटलं, ज्यानं मुंडी फोडली त्यालाच आज मुंडीतला पहिला मान. मी दोन्ही हातांनी तो कपाळाला लावला. अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी परत येऊन एजेंना तो तुकडा दाखवला आणि विचारलं, हा कुठला भाग, आणि हा कुणाला देतात?

“कान आहे,” एजे म्हणाल्या. “लहान पोरांना देतात. त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून.”

माझी दाढी तेव्हा निम्मी पांढरी झाली होती. बालवाडीच्या ओट्यावर पोरांच्या रांगेत मला जागा करून दिली. तिथं बसून मी तो कान खाल्ला. बराच वेळ चावावा लागला.